सी ड्राइव्ह भरला: झाडलोट करावी, पार्टिशन वाढवावं की लॅमिंग्टन रोड गाठावा?

सीवर लाल पट्टी दिसली की सल्ले तीनच मिळतात: कचरा काढा, पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) वाढवून डीमधली जागा सीला द्या, नाहीतर मुंबईतल्या कॉम्प्युटर-बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन नवी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका. आधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहा की सी आणि डी एकाच डिस्कचे भाग आहेत की दोन वेगळ्या डिस्क. डिस्क वेगळ्या असतील तर दुसरा सल्ला तिथेच बाद, कारण दुसऱ्या डिस्कची जागा सीला जोडता येत नाही.

एकच डिस्क असली तरी पार्टिशन वाढवणं सांगतात तितकं सोपं नाही. मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे असेल तरच 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' चालतं. डी आक्रसला की जागा सुटते ती डीच्या पलीकडे, त्यामुळे बटण फिकटच राहतं. मग डी रिकामा करून उडवा, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर आणून पार्टिशन सरकवा. मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) असलं तर आणखी एक अडथळा. बॅकअप आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की हाताशी नसेल तर या वाटेला जाऊच नये.

डीवर जागा असेल तर मी तरी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज तिकडे हलवीन. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' टॅब असतो, तिथून 'मूव्ह'. प्रोग्रॅम फाइल्स मात्र कट-पेस्ट करू नका, सॉफ्टवेअर बंद पडतील.

झाडलोट फुकट आहे, पण तिला मर्यादा आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज या वाटेने 'टेम्पररी फाइल्स' काढा. विंडोजचं मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर जुन्या आवृत्तीचं 'विंडोज डॉट ओल्ड' कित्येक जीबी अडवून बसतं. ते 10 दिवसांनी आपोआप जातं. आधीच काढलंत तर जुन्या आवृत्तीवर परतता येणार नाही. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असू शकतं. सोसायटीच्या पावत्या आणि पॅनकार्डाचं स्कॅन बहुतेकांचं तिथेच पडलेलं असतं, तेव्हा खूण करताना जपून. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करण्याची सोय) बंद केलं तर 16 जीबी रॅमच्या मशीनवर साधारण 6 जीबी सुटतात, पण फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर सुरू होण्याची सोयही जाते. घरच्या डेस्कटॉपला चालेल. लोकलने लॅपटॉप नेणाऱ्याने हायबरनेट राहू द्यावं. विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सच्या 'विनएसएक्सएस' फोल्डरला हात लावू नका, ते दिसतं तेवढं मोठं नसतं.

256 जीबीची डिस्क (विंडोजला ती 238च दिसते) आणि सी, डी दोन्ही तुडुंब असतील, तर झाडलोटीने फार तर थोडे दिवस निघतील. अशा वेळी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. निघण्याआधी लॅपटॉपचा मॉडेल नंबर आणि त्याला साटा लागते की एनव्हीएमई (एसएसडी जोडण्याचे दोन प्रकार), हे पाहून ठेवा. एम डॉट टू या छोट्या पट्टीच्या आकारात दोन्ही मिळतात आणि चुकीची घेतली तर चालत नाही. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं असतं, तिथे बदलायला काहीच नसतं. क्लोनिंग (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर) समोर बसून करून घ्या आणि जुनी डिस्क दुकानात ठेवू नका. नवी नीट चालतेय याची खात्री होईपर्यंत तीच तुमचा बॅकअप, नंतर बाहेरून जोडायच्या केसिंगमध्ये घालून वापरा.