50 हजार ॲडव्हान्स, ट्रान्सफॉर्मरचं परमिट आणि हुमनाबादच्या ढाब्यावर चार दिवस उभा राहिलेला बूम पंप

सोलापुरात मी काँक्रीट पंपिंगची कामं घेतो. दोन छोटे पंप आहेत, गाडीमागं लावून ओढून न्यायचे, पाइपलाइन टाकून स्लॅब करायचा. धंदा बरा चाललाय पण बूम पंप, म्हणजे ट्रकवर बसवलेला लांब घडीच्या हाताचा पंप, नसला की मोठी कामं पुण्याच्या लोकांकडं जातात, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये हैदराबादला एक जुना 36 मीटरचा बूम पंप बघितला आणि घेतला. पंप चांगला, बूम चांगला, पण खालच्या ट्रकचा गिअरबॉक्स गेलेला. म्हणजे चालवत आणायचा प्रश्नच नाही, लो बेडवर, म्हणजे कमी उंचीच्या ट्रेलरवर, चढवून आणायचा. मशिनच्या व्यवहारात फसलो नाही हे आधीच सांगतो, ज्यांनी विकलं ती माणसं सोन्यासारखी. फसलो ते भाड्याच्या गाडीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बूम पंप ट्रकसकट साधारण 28 टन आणि बूम घडी करून ठेवला तरी उंची 3.8 मीटरच्या आसपास. तो लो बेडवर चढला की खालच्या बेडची मीटरभर उंची धरून 4.8 मीटर होतो. मालाच्या गाडीला नियमात उंची 4 मीटरपर्यंतच आहे, म्हणजे हा माल ओडीसी झाला, ओव्हर डायमेन्शनल कार्गो, ठरलेल्या मापापेक्षा मोठा माल. त्याची वेगळी परवानगी लागते, त्यात गाडीचा नंबर, मालाचं माप, रूट, तारखा सगळं असतं. वाटेत तीन राज्यं, तेलंगणा, मग कर्नाटकचा हुमनाबादचा पट्टा, मग उमरगा नळदुर्ग करत सोलापूर. अंतर जेमतेम 320 किलोमीटर पण कागद तिन्हीकडं बरोबर पाहिजेत.

दोन ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी मला 95 हजार आणि 1 लाख 10 हजार सांगितले. मला ते जास्त वाटले. मग ट्रान्सपोर्टच्या एका ग्रुपमधून एक दलाल मिळाला, त्यानं 68 हजार सांगितले, परमिट, पुढं चालून रस्ता मोकळा करणारी पायलट गाडी, टोल सगळं धरून. आणि मराठीत बोलायला लागला. "दादा मी पण आपल्याच भागातला, सीमेवरचा, सोलापूरला दर महिन्याला येतो की, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला तर येतोच येतो." आता हैदराबादहून कोणी असा मराठीत बोलला की आपण निम्मे गार पडतो. मी पण पडलो. दुसऱ्यांनी 95 सांगितले तेव्हा मी प्रत्येक रुपयाचा हिशोब मागितला होता, ह्याला काहीच विचारलं नाही, आवाज गोड होता म्हणून.

त्यानं काय काय पाठवलं ते सांगतो कारण ते सगळं खरं दिसत होतं. एक व्हिजिटिंग कार्ड, एक जीएसटी नंबर, गाडीच्या आरसीचा फोटो, आणि परमिटची पीडीएफ. ॲडव्हान्स 50 हजार मागितले, उरलेले 18 हजार सोलापूरला मशिन उतरल्यावर. 25 हजार बुकिंगला आणि 25 हजार "गाडीत डिझेल टाकायचंय दादा, गाडी पंपावर उभी आहे" असं म्हणून संध्याकाळी. दोन्ही वेळा पैसे गेले एका माणसाच्या सेव्हिंग खात्यात. फर्मचं नाव वेगळं, खात्यावरचं नाव वेगळं, आणि नंतर मी जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकून बघितला तर तिसरंच नाव, कुठल्यातरी हार्डवेअरच्या दुकानाचं. हे बघायला दोन मिनिटं लागतात. मी पैसे गेल्यावर बघितलं. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची माल नेण्याची पावती, पण त्या हार्डवेअरवाल्याच्या नंबरावर कार्डावरच्या फर्मच्या नावानं फाडलेली होती. वर ट्रान्झिट इन्शुरन्सचे म्हणून 8,500 घेतले ते वेगळेच, त्याचा फक्त एक स्क्रीनशॉट आला, पॉलिसी आजपर्यंत नाही आली.

मंगळवारी लोडिंग झालं. मी स्वतः गेलो नाही, आमच्या ऑपरेटरला पाठवलं. पोकलेननं ओढून मशिन रॅम्पवर घेतलं, आउटरिगरच्या, म्हणजे मशिनच्या आधाराच्या पायांच्या, पिना तपासल्या, चेन मारल्या. त्यानं मला व्हिडिओ पाठवला आणि मला वाटलं झालं काम. त्याच संध्याकाळी ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, काढताना दलालानं विकणाऱ्याला फोन करून सांगितलं की ओडीसीवर टिक करू नका, साधी गाडी म्हणूनच काढा, नाहीतर चेकिंग लागतं. विकणाऱ्यानं मला विचारलं, मी पण म्हणलं असेल बाबा, करा साधं. इथंच माझी मोठी चूक. साध्या गाडीला ई-वे बिलात 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि ओडीसीला 20 किलोमीटरला एक दिवस. म्हणजे ओडीसी टिक केली असती तर 16 दिवस मिळाले असते, साधं काढलं म्हणून दोनच मिळाले, गुरुवारच्या रात्री 12 पर्यंत.

बुधवारी सकाळी गाडी निघाली आणि रात्री हुमनाबादजवळच्या ढाब्यावर थांबली. सकाळी निघेल म्हणून मी झोपलो. सकाळी आमच्या ऑपरेटरचा फोन, ड्रायव्हर गाडी काढत नाही, म्हणतो मालकानं थांबायला सांगितलंय. दलालाला फोन लावला तर "दादा टेन्शन घेऊ नका, बघतो" आणि दुपारपर्यंत नंबर बंद.

आता एक गोष्ट. आमचा ऑपरेटर सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, आणि हे त्या ड्रायव्हरला माहीत नव्हतं. ड्रायव्हर बाजेवर पडून मालकाशी फोनवर बोलत होता आणि हा शेजारच्या बाजेवर चहा पीत ऐकत होता. त्यातून कळलं की मालकाशी दलालानं भाडं ठरवलंय 90 हजार आणि मालकाला मिळालेत फक्त 20. मालकाला त्यानं सांगितलं की बाकीचे पार्टी सोलापूरला देईल, 70 हजार. आणि मला सांगितलेले सोलापूरला द्यायचे 18. म्हणजे तो मधला माणूस 30 हजार खिशात घालून आणि 52 हजाराचं भांडण आमच्या दोघांच्या गळ्यात बांधून गायब. मालकाला बुधवारी रात्री शंका आली कारण दलाल त्याचाही फोन उचलेना, म्हणून त्यानं गाडी रोखली. त्याच्या जागी मी असतो तर मीही रोखली असती.

मी दुपारी हुमनाबादला पोचलो. उन्हात ती गाडी उभी, पांढरा बूम, त्यावर आमच्या सोलापुरी चादरीसारखी रंगीत ताडपत्री कोणीतरी बांधलेली. मी आधी ड्रायव्हरवरच ओरडलो, तो बिचारा गप्प ऐकून घेतला. मग त्यानंच मोबाइल काढून परमिट दाखवलं. त्याला एका चेकिंगला विचारलं होतं म्हणे, "ट्रान्सफॉर्मर कुठंय?" मी म्हणलं कसला ट्रान्सफॉर्मर. त्यानं बोटानं पीडीएफ मोठी केली. मालाच्या कॉलममध्ये ट्रान्सफॉर्मर लिहिलेलं, उंचीत 3.80, आणि गाडीचा नंबर वेगळ्याच जाड अक्षरात वरून चिकटवलेला. रूटमध्ये हुमनाबादचं नावच नाही. हीच पीडीएफ चार दिवस माझ्या मोबाइलमध्ये होती, मी एकदाही मोठी करून बघितली नव्हती. पायलट गाडी तर कधी आलीच नाही.

मग मालक पण आला, कारनं, रात्री. माणूस सरळ होता पण 70 हजार सोडणार नाही म्हणाला. मी म्हणलं मी 50 दिलेत, पुराव्याला स्क्रीनशॉट आहेत. तो म्हणाला तुम्ही ज्याला दिले त्याच्याकडनं घ्या, माझी गाडी माझं डिझेल. बरोबर होतं त्याचं, राग आला तरी. वर हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचं भाडं, रोज 4,000 चालू. तिकडं ई-वे बिल रोज रात्री 12 ला संपणार, वाढवायला मुदतीच्या 8 तास आधी आणि 8 तास नंतर एवढाच वेळ मिळतो. बिल विकणाऱ्याच्या नावानं होतं, त्यामुळं रोज संध्याकाळी हैदराबादला फोन करून "साहेब तेवढं एक्स्टेंड करा" म्हणायचं. त्या माणसानं गुरुवार शुक्रवार शनिवार तिन्ही दिवस न कुरकुरता केलं. एखाद्यानं फोन उचलला नसता आणि गाडी पकडली असती तर दंड टॅक्सच्या दुप्पट पर्यंत जातो, 28 टनाच्या मशिनवर तो किती होईल ह्याचा हिशोब मी ढाब्यावर बसून केला आणि मग जेवलो नाही.

शेवटी शनिवारी रात्री 62 हजारावर मिटलं आणि हॉल्टिंग 16 चे 8 केले. खरं परमिट मालकानं स्वतःच्या माणसाकडून करून घेतलं होतं, त्याचे पैसे त्यानं मागितले नाहीत हे पण सांगायला पाहिजे. रविवारी अकराला गाडी निघाली, संध्याकाळी हैदराबाद रोडवरच्या आमच्या यार्डात. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला आमची दोन पोरं पुढं बांबू घेऊन चालत केबलच्या वायरी उचलत होती.

हिशोब सरळ आहे. 50, 62, 8 आणि इन्शुरन्सचे साडेआठ, 1 लाख 28 हजार 500. महाग म्हणून सोडलेला माणूस 1 लाख 10 मध्ये आणून देणार होता. आणि विजापूर रोडवरच्या राफ्टचं, म्हणजे पायातल्या सलग स्लॅबचं, 180 क्यूबिक मीटरचं काम, 6 क्यूबिक मीटरच्या मिक्सरनं 30 खेपा, ते मी ह्याच पंपावर धरलं होतं. ते पुण्याचा पंप भाड्यानं आणून करावं लागलं, त्यात उरलं काहीच नाही. चेनखाली एक हायड्रॉलिक पाइप दबला होता तो वेगळा. वकिलाला विचारलं तर म्हणाले मालाचं नुकसान झालं तर 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यात ट्रान्सपोर्टवाल्याला 180 दिवसात नोटीस द्यावी लागते. पण नोटीस द्यायची कोणाला, बिल्टीवरची फर्मच नाही.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो शुक्रवारी. तिथल्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, पैसे कधी गेले. मंगळवारी म्हणलं तर तो क्षणभर गप्पच झाला. लवकर केला असता तर खात्यात पैसे होल्ड होऊ शकतात, पण मी गुरुवार सगळा दलालाला फोन लावण्यात घालवला. सोलापुरात तक्रार घेतली, कुठल्या राज्यात झालं ह्यावरून परत पाठवलं नाही. 50 हजारातला रुपया अजून आलेला नाही.

आता मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. दलाल असू दे, त्याचं कमिशन त्याला मिळू दे, पण लोडिंगच्या आधी गाडीच्या मालकाशी स्वतः बोलतो आणि एकच प्रश्न विचारतो, "तुम्हाला एकूण किती सांगितलेत आणि सोलापूरला माझ्याकडनं किती घ्यायचेत?" हा एक फोन केला असता तर वरचं काहीच घडलं नसतं. पैसे बिल्टीवर ज्या फर्मचं नाव आहे त्याच फर्मच्या करंट खात्यात, कोणी "भावाच्या खात्यात टाका" म्हणलं की फोन ठेवायचा. गाडी नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून फिटनेस आणि इन्शुरन्सच्या तारखा बघायच्या. ई-वे बिल ओडीसीचं म्हणजे ओडीसीचंच काढायचं. आणि परमिट मोबाइलवर नाही, प्रिंट काढून टेबलावर ठेवून वाचायचं, माप टेपनं मोजलेल्याशी लावून.

त्या लो बेडच्या मालकाशी आता चांगली ओळख झालीय, मध्ये काँक्रीट बनवायच्या बॅचिंग प्लँटचा एक सायलो, सिमेंटची उंच टाकी, त्याच्याच गाडीवर आणला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. म्हणाला त्याला एका नवीन नंबरवरून भाडं विचारलं, विजयवाड्याहून पुण्याला एक पंप आणायचाय, पार्टी मराठी आहे, पैसे पुण्याला देईल. आवाज तोच होता म्हणे. त्यानं पार्टीचा नंबर मागितला तर फोन कट झाला. पुण्याकडं कोणी विजयवाड्याहून पंप मागवलाय का, असेल तर लोडिंग थांबवा आणि आधी गाडीच्या मालकाला फोन लावा.