सोनोस इन-सीलिंग स्पीकर : छत बंद होण्याआधी ठरवायचं काम

साडेसहा इंची वूफर (जाड, खालचे सूर), एक इंची ट्वीटर (बारीक, वरचे सूर), विजेचा रोध ८ ओहम. आवाज स्वच्छ आणि खोलीभर सारखा पसरणारा. खोल बास मात्र वेगळ्या सबवूफरशिवाय मिळत नाही. यात स्वतःचा अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) नाही, तो वेगळा लागतो, हे घेण्याआधीच लक्षात घ्या. सोनोसच्याच ‘सोनोस अँप’ या अँप्लिफायरवर (८ ओहमला दर चॅनेल १२५ वॅट) या स्पीकरच्या ३ जोड्या चालतात. इतर कंपन्यांचे ८ ओहमचे स्पीकर जोडणार असाल, तर दोनच जोड्या धरा, कारण दोन जोड्या समांतर जोडल्यावरच भार ४ ओहमवर येतो.

खरी कसोटी वायरिंगची. जिप्सम बोर्ड चढण्याआधी शुद्ध तांब्याची दीड चौरस मिमी स्पीकर वायर टाका, वीस मीटरच्या पुढे अडीचची. विजेच्या वायरपासून फूटभर दूर न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. प्रत्येक जागी अर्धा मीटर वायर जादा सोडा आणि बोर्ड लागण्याआधी मोजायची टेप धरून फोटो काढा. नंतर भोक नेमकं छताच्या सांगाड्यातल्या लोखंडी सेक्शनवर किंवा एसीच्या डक्टखाली येतं, ते या फोटोअभावीच.

भोक सोबतच्या साच्यानेच आखा, भिंतीपासून दोन फूट सोडून. स्पीकर बोर्डाला धरणाऱ्या पकडींचे स्क्रू हातानेच आवळा. ड्रिलने आवळले की बोर्ड तडकतो. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली तर बास गायब होतो, आणि लोक उगाच स्पीकरला दोष देतात. जाळी रंगवता येते, पण पातळ स्प्रेनेच. ब्रशने छिद्रं बुजतात.