छतावर ऑन-ग्रिड बसवावं की हायब्रिड? सौरवादळ लक्षात घेऊन केलेली तुलना

पुण्यात बंगला, रो-हाउस किंवा स्वतःची गच्ची असलेल्या माणसाचा 'सोलर बसवू का' हा प्रश्न आता जवळजवळ सुटलेला आहे. अडतं ते पुढच्या पायरीवर: साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेलं घ्यायचं, की बॅटरीवालं हायब्रिड? मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं, लडाखच्या हानलेहून तांबड्या आकाशाचे फोटो सगळीकडे फिरले, आणि तेव्हापासून ओळखीतली माणसं आणखी एक गोष्ट विचारायला लागली. असं वादळ जोरात आलं तर वीज जाईल का, आणि गेली तर आपल्या छतावरच्या पॅनलचा काही उपयोग होईल का?

माझ्याकडे धायरीला हायब्रिड आहे आणि चिंचवडला माझ्या ताईकडे ऑन-ग्रिड. दोन्ही तीन किलोवॉटची, आणि दोन्हीकडे माझं जाणंयेणं रोजच्यासारखं, त्यामुळे तुलना करणं मला सोपं गेलं. पॅनल कुठल्या प्रकारचे, वॉरंटी किती वर्षांची, हे तुम्ही आधीच वाचलेलं असणार, म्हणून ते सोडून देतो.

आधी भीती नेमकी कशाची धरायची ते पाहू, कारण इथेच बऱ्याच जणांचे पैसे भलतीकडे जातात. सूर्याकडून आलेला प्लाझ्माचा लोट पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवतो आणि त्यामुळे जमिनीत विद्युतदाब तयार होतो. हा दाब मोठ्या वादळातही किलोमीटरमागे काही व्होल्ट असतो. घरातली सगळी वायरिंग जोडली तरी तिची लांबी किती होणार? तेवढ्यात फ्रिज, टीव्ही किंवा मोबाइल जळण्यासारखं काही घडत नाही. पण शेकडो किलोमीटर लांबीच्या अतिउच्च दाबाच्या वाहिनीत हाच दाब साचत जातो, आणि उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलमधून जवळपास डीसीसारखा, एकाच दिशेचा प्रवाह आत शिरतो. ट्रान्सफॉर्मर असतो एसीसाठी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहासाठी. त्याचा गाभा प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही), तापतो, लाइनमध्ये हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतला बिघाड) सोडतो आणि ग्रिडवर व्होल्टेज टिकवायला लागणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा मोठा भार टाकतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये व्होल्टेज सावरणारी यंत्रणा यामुळेच एकामागोमाग ट्रिप झाली आणि सुमारे ९० सेकंदांत अख्खं ग्रिड बसलं. साठ लाख लोकांची वीज गेली, ती नऊ तास. ऑक्टोबर २००३ मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरातली वीज अशीच तासाभरासाठी गेली होती.

म्हणून कुणी 'सौरवादळापासून संरक्षण' म्हणून सर्ज प्रोटेक्टर गळ्यात मारत असेल तर त्या कारणासाठी घेऊ नका. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजांसाठी मात्र जरूर घ्या, डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना. आपल्याकडे तो खरा शत्रू आहे आणि दोन्ही प्रकारच्या सिस्टिमला सारखाच लागू आहे.

पुण्याला धोका किती? क्वेबेकपेक्षा नक्कीच कमी. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत आणि हे प्रवाह ध्रुवांकडे जास्त तीव्र असतात. मे २०२४ चं वादळ २००३ नंतर पहिल्यांदाच सर्वोच्च, म्हणजे जी-५ श्रेणीत गेलं, तरी कुठे मोठा अंधार झाला नाही. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची जीपीएस भरकटली, ग्रिड मात्र टिकलं. हे सगळं आपल्या बाजूचं.

दुसऱ्या बाजूलाही दोन गोष्टी आहेत. सप्टेंबर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळाची जगातली सर्वांत महत्त्वाची चुंबकीय नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली आहे. तिथे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे त्याचं एकक) खाली आलं होतं. २०२४ च्या वादळाचा जागतिक निर्देशांक (पृथ्वीभर क्षेत्र किती घटलं याचं माप) त्याच एककात उणे ४०० च्या आसपास गेला होता. दोन्ही मापं तंतोतंत एकाच जातीची नाहीत, पण आपल्या अक्षांशावर काहीच हलत नाही हा समज त्या एका नोंदीने पुसून टाकला आहे. (पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं. ते अजून तिथे चालतं.) आणि दुसरं म्हणजे आपलं ग्रिड आता लांबलचक आहे. ७६५ केव्हीच्या वाहिन्यांचा विद्युतरोध कमी असतो, त्यामुळे असे प्रवाह त्यांतून सहज वाहतात. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रिडही उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, त्यामुळे आता सगळा देश एका ५० हर्ट्झवर चालतो. एकमेकांना आधार मिळतो हा त्याचा मोठा फायदा आहे. पण धक्का लागला तर तो दूरवर जातो, हेही त्यात आलंच. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारताची वीज गेली तेव्हा कारण सौरवादळ नव्हतं, तरी साठ कोटींहून जास्त लोकांना झळ पोचली. महाराष्ट्र त्या वेळी वाचला.

एकूण, सौरवादळामुळे घरातली वस्तू जळण्याची काळजी सोडा आणि ग्रिड काही तास, कदाचित एखादा दिवस नसेल ही शक्यता धरा. मग दोन सिस्टिममधला फरक लगेच दिसतो.

खर्चात ऑन-ग्रिड सरळ जिंकतं. मला आलेल्या कोटेशन्समध्ये हायब्रिडची किंमत त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास होती. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, पण ते पॅनलच्या क्षमतेवर. बॅटरीचा बोजा आपल्याच खिशावर. ताईचं बिल नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज यांची वजाबाकी करणारं) लागल्यावर जवळपास स्थिर आकारावर आलं, माझंही तसंच. म्हणजे निव्वळ बिलाकडे पाहिलं तर बॅटरीने मला वेगळं काही मिळवून दिलं नाही. 'ग्रिड हीच आपली बॅटरी' असं ऑन-ग्रिड विकणारे सांगतात, आणि ग्रिड चालू असेपर्यंत ते शंभर टक्के खरं आहे.

देखभालीतही ऑन-ग्रिड हलकं. पॅनल धुतले की काम झालं. हायब्रिडला बॅटरीसाठी सावलीची, हवेशीर जागा हवी, पॅनलच्या डीसीचा एसी करणाऱ्या इन्व्हर्टरचा पंखा दुपारी ऐकू येतो, आणि ग्रिडला वीज न देता नुसतं उभं राहण्यासाठीही तो थोडी वीज खातो. माझं युनिट जिन्याखाली आहे. मे महिन्यात तिथे हात लावला की गरम लागतं, म्हणून वर जाळीची खिडकी करून घ्यावी लागली.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. गुरुवार होता, देखभालीसाठी सकाळपासून वीज बंद होती आणि मी ताईकडे होतो. वरची टाकी रिकामी, खाली टाकीत पाणी भरपूर. भाऊजी मोटरचं बटण दाबून आले आणि ताई मला म्हणाली, "अरे, एवढं ऊन पडलंय, पॅनल छतावर आहेत, मग मोटर का चालत नाही?" मी इन्व्हर्टरपाशी जाऊन पाहिलं. लाल दिवा लागलेला. डिस्प्लेवर पॅनलकडून येणारा डीसी व्होल्टेज तीनशेच्या आसपास, त्याखाली आउटपुट शून्य आणि 'नो ग्रिड' हा संदेश. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, तीन किलोवॉटचे पॅनल त्याच्याकडे तोंड करून, आणि घरात पंखाही फिरत नव्हता.

यात इन्व्हर्टरचा काही दोष नाही. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहून त्यामागे चालतो. समोर ग्रिड नसेल तर तो थांबतो. शिवाय लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून झटका बसू नये म्हणून त्याने थांबलंच पाहिजे. नियम योग्य आहे आणि तो कुणी टाळू नये. पण त्याचा अर्थ असा की ज्या दिवशी तुम्हाला स्वतःच्या विजेची सर्वांत जास्त गरज आहे, नेमका त्याच दिवशी छतावरचा सगळा खर्च निरुपयोगी. क्वेबेकसारखे नऊ तास इथे आले, तर ते नऊच्या नऊ तास ताईचं घर शेजारच्या सोलर नसलेल्या घरासारखंच असेल. मला हे फार खटकलं, अजूनही खटकतं.

हायब्रिड इथे वेगळं वागतं. ग्रिड गेलं की त्याचा इन्व्हर्टर आतल्या कॉन्टॅक्टरने (आपोआप चालणाऱ्या स्विचने) लाइनपासून स्वतःला तोडतो आणि निवडलेल्या सर्किट्ससाठी स्वतःच व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी तयार करतो. वायरमन सुरक्षित, घर चालू. माझ्याकडे वीज गेल्याचं बहुतेक वेळा बाहेर शेजाऱ्यांचा आवाज आला की कळतं. पाच किलोवॉट-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर रात्रभर फ्रिज, पंखे, दिवे, राउटर चालतात आणि सकाळी मोटर एकदा होते. ऊन आलं की बॅटरी पुन्हा भरू लागते. एसी आणि गीझर मी मुद्दाम त्या सर्किटवर घेतलेले नाहीत.

वादळाच्या वेळी आणखी एक बारकावा महत्त्वाचा ठरेल असं मला वाटतं. ग्रिड एकदम बसण्याआधी बराच वेळ व्होल्टेज वरखाली होऊ शकतो. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर मर्यादेबाहेरचा व्होल्टेज दिसला की ट्रिप होतो, थोडा वेळ थांबतो, पुन्हा जोडतो, पुन्हा ट्रिप होतो. ताईच्या गल्लीत आता बऱ्याच छतांवर पॅनल आहेत. रविवारी दुपारी सगळ्यांची वीज लाइनवर जाते, व्होल्टेज चढतो आणि हा प्रकार वादळाशिवायही दिसतो. हायब्रिड अशा वेळी बाजूला होऊन बॅटरीवर शांतपणे चालत राहतो.

साधा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी ही जुनी जोडी तिसरा पर्याय म्हणून कुणी सुचवेल. एक-दोन तासांच्या खोळंब्याला ती पुरते. पण ती चार्ज होते ग्रिडवरून, म्हणजे लांब खोळंब्यात एकदा संपली की संपली.

हायब्रिडकडे वळणार असाल तर दोन गोष्टी इंस्टॉलरकडून प्रत्यक्ष करून घ्या, कारण सगळी हायब्रिड सारखी नसतात. पहिली, बॅटरी पूर्ण उतरून तिची बीएमएस (बॅटरी सांभाळणारी आतली यंत्रणा) बंद पडली तर ग्रिड नसताना नुसत्या उन्हावर सिस्टिम पुन्हा उठते का? काही युनिट उठत नाहीत, त्यांना जागं व्हायला ग्रिडच लागतं, आणि मग लांब खोळंब्याच्या दुसऱ्या सकाळी तुमची स्थिती ऑन-ग्रिडसारखीच होते. दुसरी, सेटिंग्ज इन्व्हर्टरवरच्या बटणांनी बदलता येतात की फक्त मोबाइल ॲपमधून? वीज बराच वेळ नसेल तर टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात आणि ॲप उघडत नाही. मी बटणंवालंच घेतलं.

बटणांचा उपयोग इशारा मिळाल्यावर होतो. प्लाझ्माचा लोट सूर्यापासून निघून आपल्यापर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो. १८५९ चा साडेसतरा तासांच्या आसपास आला होता. आपलं आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून १५ लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे पाहतंय आणि त्यावरची सूट ही सूर्याचे फोटो घेणारी दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली, याचा मला मनापासून अभिमान आहे. मोठ्या वादळाची बातमी आली की मी बॅटरीचा राखीव साठा नेहमीच्या तीस टक्क्यांवरून शंभरावर नेतो आणि वरची टाकी भरून घेतो. ऑन-ग्रिडवाल्याला त्या एका दिवसात टाकी भरण्याखेरीज फारसं काही करता येत नाही.

सौर चक्राचा, म्हणजे सूर्यावरच्या उलथापालथीच्या चढउताराचा माथा २०२४ च्या सुमारास येऊन गेला म्हणून आता निवांत, असंही नाही. २००३ ची मोठी वादळं चक्र उतरणीला लागल्यावरच आली होती.

तुमच्या भागात वीज क्वचितच जात असेल, घरात आजारी माणूस नसेल आणि पैसे मोजून टाकायचे असतील, तर ऑन-ग्रिड घ्यायला काही हरकत नाही. बिल तेवढंच कमी होईल. नुसत्या सौरवादळाच्या भीतीने बॅटरी घ्या असं मी कुणाला म्हणणार नाही. पण स्वतःची मोटर, वयस्कर आईवडील, घरून काम, यांतलं एक जरी असेल तर माझं मत हायब्रिडकडे झुकतं, बॅटरी लहान का असेना.

ऑन-ग्रिड आधीच बसलं असेल तर ते काढून टाकायची गरज नाही. आधी इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात पुढे बॅटरी जोडायची सोय आहे का ते पाहा. नसेल तर जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून शेजारी बॅटरी-इन्व्हर्टर जोडता येतो. ग्रिड गेल्यावर तो जुन्याला हवा असलेला व्होल्टेज पुरवतो आणि पॅनल चालू राहतात. ताईकडे सध्या याचंच कोटेशन मागवलंय. त्यात मोटरचा सुरुवातीचा ओढा धरायला सांगितलाय, कारण एक एचपीची मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि लहान बॅटरी-इन्व्हर्टर नेमका तिथेच ट्रिप होतो.