द्वारका ते द्वारका: ओझर–दिल्ली विमानाचे आठ महिने

ताई दिल्लीत द्वारकेला राहते, आम्ही नाशिकच्या द्वारकेजवळ. तिच्या ऑपरेशनपासून आठ महिन्यांत ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, दिल्लीच्या सहा खेपा झाल्या, त्यातल्या दोन आईला घेऊन. दर वेळी घराला कुलूप लावल्यापासून ताईची बेल वाजवेपर्यंतचा वेळ मी वहीत टिपला.

तिकिटावर दोन तास दिसतात. सरळ रेषेत अंतर साधारण ९९० किलोमीटर, म्हणजे ताशी आठशेच्या वेगाने सव्वा तासात पोहोचायला हवं, असं मलाही वाटायचं. पण तिकिटावरची वेळ विमान जागचं हलल्यापासून दिल्लीत जाऊन उभं राहीपर्यंतची असते. चढता-उतरताना वेग कमी असतो, दिल्लीत उतरायला रांग असते, आणि उतरल्यावरही टर्मिनलपर्यंत जायला बराच वेळ जातो.

दारापासून दारापर्यंत मला सरासरी पाच तास लागले. जानेवारीतली एक खेप दिल्लीच्या धुक्यामुळे साडेनऊ तासांची झाली. डिसेंबर-जानेवारीत तिकडे सकाळचं महत्त्वाचं काम असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.

मग मुंबईहून का जाऊ नये? मुंबई–दिल्ली हवाई अंतर साधारण ११४० किलोमीटर. हवेत दहा-बारा मिनिटांचाच फरक! खरा वेळ जमिनीवर वाचतो. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टळला, हे मोठंच काम झालं. पण आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच, त्यामुळे विमानतळ गाठायला मी चार तास धरूनच निघते. ओझरला दहाव्या मैलावरून जानोरीच्या रस्त्याला वळलं की पाऊण तासात दारात. टर्मिनल छोटं आहे. गुडघ्यांनी थकलेल्या आईला व्हीलचेअरवरून विमानापर्यंत न्यायला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि माझ्यासाठी हीच या विमानाची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

उणिवाही आहेत. विमानं मोजकी आहेत, वेळापत्रक बदलत राहतं, आणि विमान चुकलं तर बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. तिकीट फार महाग दिसलं तर राजधानी एक्स्प्रेस बघा. नाशिकरोडहून रात्रभराचा, साधारण पंधरा तासांचा प्रवास होतो, पण झोप नीट लागते.

फेब्रुवारीत आईने पिंपळगावहून सकाळी तोडून आणलेली दोन किलो द्राक्षं मांडीवर घेतली. सामान ठेवायच्या कप्प्यात ठेवू देईना, घड दबतील म्हणून. शेवटी पायाशी ठेवली. संध्याकाळी ताईने पेटी उघडली तेव्हा मण्यांवरची पांढुरकी झाकसुद्धा पुसली गेली नव्हती. ताईने पहिला मणी न धुताच तोंडात टाकला.