ओव्हर स्क्रीनवर गेला, चिठ्ठी खिशातच राहिली : सात महिन्यांचा अनुभव

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत मी स्टाफ नर्स आहे. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देतो, तो ओव्हर. त्याची जाड वही बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर गेलं, त्याला सात महिने झाले.

आधी चांगलं सांगते. कुणाचं अक्षर लावत बसावं लागत नाही. रात्री शुगर किती होती, इन्सुलिन किती गेलं, कल्चर कधी पाठवलं, डॉक्टरांनी विचारलं की लगेच समोर. अ‍ॅलर्जी लाल अक्षरांत दिसते. वहीत ती मागच्या पानावर राहून जायची. नव्या मुलींना एसबारच्या चार रकान्यांचा (आत्ताची स्थिती, आधीचा इतिहास, आपला अंदाज, पुढे काय करायचं) आधार वाटतो. (ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची. आमच्या आयसीयूत गर्दी तितकीच असते म्हणा.)

आता दुखणं. बारा बेडना तीन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम राउंडमध्ये अडकलेला. जरा हात लावला नाही की लॉगआउट. मग ग्लोव्ह्ज काढा, हात धुवा, पासवर्ड टाका. म्हणून एकीच्या लॉगिनवर चौघी लिहितात. इन्चार्ज सिस्टर त्यावरून ओरडतात आणि घाईत स्वतःही तेच करतात.

'मागचं कॉपी करा' हे बटण तर घातकच. एका आजोबांचा कॅथेटर काढून दोन दिवस झाले, तरी स्क्रीनवर 'कॅथेटर, दिवस तिसरा' तसाच. पाळीमागून पाळीने ते पुढे ढकललं, त्यात मीही होते. चादर बाजूला केली तेव्हा कळलं.

आणि डायलिसिसच्या एका काकांचं पोटॅशियम काही उतरेना. कारण वॉर्डातल्या मावशींना ठाऊक होतं: मुलगा भेटीच्या वेळेत गुपचूप शहाळ्याचं पाणी पाजायचा, आणि त्यात पोटॅशियम भरपूर. हे लिहायला रकाना कुठला? 'इतर'मध्ये, तेही इंग्रजीत. नाइट संपताना इंग्रजी वाक्य जुळवायला कुणाला सुचतं? मी सकाळच्या सिस्टरला तोंडीच सांगितलं.

ट्रेनिंगमध्ये ओव्हर देण्याच्या आय-पास या पद्धतीबद्दल ऐकलं होतं. अमेरिका-कॅनडातल्या ९ रुग्णालयांत निवासी डॉक्टरांनी ती पद्धत वापरली आणि वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असा अभ्यास २०१४ मध्ये आला. तिची शेवटची पायरी अशी, की ओव्हर घेणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. आमच्याकडे त्या जागी 'स्वीकारलं' अशी टिक आहे. ती न वाचताही करता येते.

मीटिंगमध्ये मात्र म्हणतात, "सिस्टर लोकांना बदल नको असतो." अहो, चौथा कॉम्प्युटर देऊन तर बघा!

तिसऱ्या महिन्यापासून आम्ही आपसात ठरवलंय, आधी बेडजवळ जायचं, पंपाचा रेट, ड्रेन, ड्रेसिंग डोळ्यांनी बघायचं, टिक त्यानंतर. घरी जायला दहा मिनिटं उशीर होतो, बस चुकते. खिशातली टिपणांची चिठ्ठीही सुटलेली नाही.

पाचपैकी तीन तारे. मराठीत लिहिता आलं तर साडेतीन.