न्यूज अ‍ॅपचं प्रीमियम, सात महिन्यांनंतर

पहिल्या महिन्यात पाच स्टार दिले होते, आज दोनवर आणतोय. ३९९ रुपयांत जाहिराती खरंच गेल्या, ई-पेपर पटकन उघडतो, त्याबद्दल तक्रार नाही. भानगड एकच: मथळ्याच्या शेवटचं प्रश्नचिन्ह.

गेल्या महिन्यात नोटिफिकेशन आलं, ‘५०० च्या नोटा बंद होणार?’ आईनं ते चष्म्याशिवाय वाचलं, म्हणजे प्रश्नचिन्ह सोडून. २०१६ च्या नोव्हेंबरात ती रांगेत उभी राहिलेली, २०२३ मध्ये दोन हजारांची गुलाबी नोट मागे घेतली तेव्हा पुन्हा. तिला कोण समजावणार? डाळीच्या डब्यातून पिशवी निघाली आणि हिंगाचा वास मारणाऱ्या ३४ नोटा घेऊन मी बँकेत. कॅशिअर म्हणाला, “आजचे तुम्ही चौथे.” अर्ध्या दिवसाची रजा गेली ती गेलीच.

तिथंच बाकावर बसून पूर्ण बातमी वाचली. सातव्या परिच्छेदात होतं, की असा कोणताही निर्णय झालेला नाही, केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनंच तसा खुलासा केलाय. म्हणजे लिहिणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक! कस्टमर केअरला मेल टाकला. उत्तर आलं, “सर, नोटा बंद होणार असं आम्ही म्हटलेलं नाही, फक्त विचारलं आहे.” घ्या.

इयान बेटरिज या ब्रिटिश पत्रकारानं २००९ मध्ये यावर नियमच सांगून ठेवलाय: प्रश्नचिन्हानं संपणाऱ्या मथळ्याला ‘नाही’ म्हणून मोकळं व्हावं. मग आठवडाभर वहीत टिपून पाहिलं. ‘उद्या शाळांना सुट्टी?’ नाही. ‘सोनं गडगडणार?’ नाही. पण ‘सातबाऱ्यावर वारस नोंद कशी करायची?’ ही बातमी चक्क कामाची निघाली. ई-हक्क पोर्टलवर अर्ज कुठून भरायचा, कागद कोणते लागतात, सगळं नीट दिलेलं. त्यामुळे सरसकट शिव्या मागे घेतो. ‘कसं’ला हरकत नाही, राग ‘होणार?’वर आहे. ‘कधी’ मात्र लबाड. लाडक्या बहिणीचा हप्ता कधी येणार, यावर चार बातम्या उघडल्या. चौघींत मिळून उत्तर काय, तर तारीख जाहीर झालेली नाही.

नोटिफिकेशन बंद केलीत, ऑटो-रिन्यूही. अजून पाच महिन्यांचे पैसे भरलेत, तेवढं रोजचं शब्दकोडं सोडवून वसूल करणार.