केबलवाला, हायड्रॉलिक की वायरलेस? ड्रॉपर घेण्याआधी तो निस्तरणार कोण, ते ठरवा

टेकडीवर दर रविवारी कुणी ना कुणी विचारतंच, "ड्रॉपर घ्यायचाय, कोणता घेऊ?" (ड्रॉपर म्हणजे हँडलवरची लिव्हर दाबली की चालवता चालवता सीट खाली-वर करता येते असा सीटखालचा पोस्ट.) मग गप्पा लगेच ट्रॅव्हल (सीट किती खाली-वर होते ते), वजन आणि लिव्हरच्या फीलवर जातात. मी आधी एवढंच विचारतो, की बिघडला तर बघणार कोण? तुम्ही स्वतः, नाक्यावरचा सायकलवाला, की डबा बांधून परगावी पाठवणार? पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला नेमाने चालवलेला ड्रॉपर आज ना उद्या कुरकुरणारच. उन्हाळ्यात मुरमाची बारीक धूळ आणि पावसाळ्यात चिकट चिखल मागच्या टायरवरून उडतो तो थेट पोस्टच्या कॉलरवर, म्हणजे आतली नळी बाहेरच्या नळीत शिरते तिथल्या रिंगवर. सायकलचे फार थोडे भाग चिखलाच्या इतके समोर उभे असतात.

तिन्ही प्रकारांत फरक आहे तो मुख्यतः लिव्हरचा हुकूम खाली पोचतो कसा, यात. केबलवाल्यात गिअरची साधी केबल पोस्टच्या बुडाचा एक लहानसा दांडा ओढते. वनअप, पीएनडब्ल्यू, ब्रँड-एक्स, फॉक्स ट्रान्सफर हे सगळे या घराण्यातले. हायड्रॉलिकमध्ये केबलच्या जागी तेलाची नळी असते. २०१० साली आलेला रॉकशॉक्सचा रिव्हर्ब हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. २०१९ मध्ये त्याचाच वायरलेस भाऊ एएक्सएस आला. पोस्टच्या पोटात मात्र बहुतेकांच्या तेल आणि दाबलेली हवाच असते. म्हणून ड्रॉपर आजारी पडला की पहिलं निदान हे करायचं: हुकूम पोचत नाहीये, की पोट बिघडलंय? केबलवाल्यात हे कळायला पाच मिनिटं लागतात. बाकी दोघांत तेवढ्यात कळेलच असं नाही.

केबलवाल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांनी तोच घ्यावा असं माझं मत आहे.

सीट हळू वर येते किंवा अर्ध्यात अडकते, ही नेहमीची तक्रार. माझ्याही पोस्टला हे झालं होतं. मी नवीन इनर-आउटर (केबल आणि तिच्यावरचं आवरण) टाकलं, लिव्हर उघडून साफ केली, दोन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी मित्र आला. त्याने ५ नंबरची ॲलन की घेतली, फ्रेमवरचा सीट क्लॅम्प अर्धा आटा सैल केला आणि लिव्हर दाबली. सीट टक् आवाज करून वर. आदल्या आठवड्यात पोस्ट खाली घसरतोय म्हणून मीच तो क्लॅम्प दात-ओठ खाऊन आवळला होता. बाहेरची नळी चेपली, की आतल्या नळीला सरकायला जागा राहत नाही. बहुतेक क्लॅम्पना ५-६ न्यूटन मीटर पुरे, आकडा क्लॅम्पवरच छापलेला असतो. तेवढ्यावर पोस्ट घसरत असेल तर आणखी आवळू नका. कार्बनसाठी मिळते ती खरखरीत पेस्ट फ्रेमच्या नळीत लावा.

क्लॅम्प निर्दोष असेल तर केबल. पोस्ट फ्रेममधून बाहेर काढा. तो ओढताना हँडलच्या बाजूने आउटर आत सरकवत राहा, नाहीतर ते दुमडतं. केबल सोडवा आणि बुडाचा दांडा अंगठ्याने दाबा. (तोंड बाजूला ठेवा, सीट जोरात येते.) झपकन वर आली तर पोट ठणठणीत आहे, केबल गंजलीय किंवा आउटरमध्ये चिखल बसलाय. इनर कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळते, खर्च एका चांगल्या नाश्त्याचा. लिव्हरला किंचित ढील ठेवायची. केबल फार ताणली तर दांडा अर्धवट उघडा राहतो आणि सीट तुमच्या वजनाने हळूहळू खाली जाते. लोक तेव्हा "कार्ट्रिज गेलं" (म्हणजे पोटातला तेल-हवेचा भाग) म्हणून हळहळतात. केबलचा ताण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर दोन फेऱ्या फिरवून बघायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

तिसरं, कॉलर. वरची रिंग आटे सोडवून वर सरकवली, की आतला धूळ अडवणारा वायपर सील दिसतो. पावसाळ्यातल्या दोन राइडनंतर तिथे बोट फिरवलंत तर करडा लगदा लागतो, कणकेत रेती मिसळल्यासारखा. तो सुती फडक्याने पुसायचा आणि सस्पेन्शनसाठीचं पातळ ग्रीस बोटभर लावायचं. चेनचं तेल नको, ते धूळ ओढून घेतं. गंज सोडवायचा स्प्रेही नको, त्याने असलेलं ग्रीस धुऊन जातं. आणि गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरचा फवारा कॉलरवर मारू देऊ नका. पोऱ्या हौसेने तिथेच मारतो, कारण चिखल तिथेच जास्त दिसतो.

खरं पोटाचं दुखणं वेगळं असतं. सीट पूर्ण वर असताना बसलात की सोफ्यासारखी दोन बोटं दबते, उठलात की परत वर. तेलात हवा शिरल्याची ही खूण. त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ड्रॉपर खाली असताना सायकल सीटला धरून उचलणं. गाडीच्या कॅरियरवर चढवताना प्रत्येक जण नेमकं हेच करतो. स्वस्त केबलवाल्यांत कार्ट्रिज सीलबंद असतं, त्याची दुरुस्ती होत नाही. पण बऱ्याच कंपन्या कार्ट्रिज सुटं विकतात आणि ते घरी बदलता येतं. बाइकयोक कंपनीच्या रिव्हाइव्ह या ड्रॉपरची सोय मला सगळ्यांत आवडते. सीटखालचा व्हॉल्व्ह ॲलन कीने उघडायचा, पोस्ट पूर्ण खाली दाबायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा. तेलात गेलेली हवा आपल्या जागी परत जाते. किंमत जास्त आहे, पण ती या एका सोयीचीच आहे असं समजा.

हायड्रॉलिक हाताला सुंदर लागतो. लिव्हर मऊ, सीटचा वेगही बऱ्याच मॉडेलमध्ये लिव्हरवरूनच ठरवता येतो. निस्तरणं मात्र दुसऱ्या जातीचं. नळी कापली किंवा लिव्हर ढिली लागायला लागली की ब्लीड, म्हणजे नळीतली हवा काढून तेल भरणं, आलंच: दोन सिरिंज, ठरावीक पातळ तेल, आणि तासभर शांत डोकं. ब्रेकचं तेल त्यात चालत नाही. जुन्या रिव्हर्बमध्ये सीट दबायला लागली तर पोस्ट पूर्ण खोलावा लागतो. नंतरच्या सी-वनमध्ये कंपनीने व्हेंट व्हॉल्व्ह दिला आणि अडकलेली हवा काही मिनिटांत काढता येऊ लागली. हवेचा दाबही २५० पीएसआयच्या घरात लागतो, म्हणजे टायरचा पंप बाजूला ठेवून शॉक पंप घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे ब्रेक ब्लीड करायचं सामान आहे आणि ज्यांना त्यात रस आहे, त्यांनी हा खुशाल घ्यावा. नव्याने घेणाऱ्याला मी सुचवणार नाही. असलेला मात्र फेकू नका, विशेषतः व्हेंट व्हॉल्व्हवाला असेल तर.

वायरलेसला केबल नाही, म्हणजे वरच्या यादीतलं अर्धं काम नाही. एएक्सएसची बॅटरी रॉकशॉक्सची मालक कंपनी स्रॅमच्या वायरलेस गिअरला लागते तीच, त्यामुळे ड्रॉपरची संपली तर दोन्हींची अदलाबदल करता येते. लिव्हरमध्ये सीआर२०३२ नाण्यासारखा सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळणारा. पैसे मात्र इतके, की तेवढ्यात दोन-तीन बऱ्यापैकी केबलवाले सहज येतात. आतलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर तुम्ही-आम्ही फक्त बघत बसायचं. आणि राइडच्या आदल्या रात्री बॅटरी लावायला विसरणारे लोक मला माहीत आहेत. मी त्यातलाच.

तरीही एका माणसाला मी वायरलेसच घे म्हणेन. ज्याच्या जुन्या हार्डटेलला (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला) केबल आत घ्यायला भोकच नाही आणि फ्रेमवर बाहेरून केबलची वेटोळी नको आहेत, त्याला. बजेट नसेल तर बाहेरून केबल जाणारे ड्रॉपरही मिळतात. दिसायला बेंगरूळ, पण केबल डोळ्यांसमोर असल्याने दुरुस्तीला सगळ्यांत सोपे.

कुठलाही घ्या, आधी फ्रेमची नळी मोजा. २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मि.मी. ही नेहमीची मापं. हे आतल्या व्यासाचं माप, बाहेरून टेप लावून कळत नाही. जुन्या पोस्टवर आकडा कोरलेला असतो, तो वाचा. २७.२ असेल तर पर्याय कमी मिळतील. पोस्ट किती खोल जाईल तेही आधी पाहा. वाटेत बाटलीच्या स्टँडचे स्क्रू किंवा नळीचा बाक आला, तर १७० मि.मी.ची हौस १२५ वर येते.

दुरुस्ती की नवा, या प्रश्नाचं उत्तर आतल्या चकचकीत नळीवर लिहिलेलं असतं. तिच्यावर नख अडकेल असा ओरखडा असेल तर सील टिकणार नाही, कार्ट्रिज बदलून पैसे घालवू नका. सीटचं नाक डावीकडे-उजवीकडे किंचित हलणं नव्या ड्रॉपरलाही असतं. जास्त वाढलं तर आतल्या पितळी पिना बदलून कमी होतं. पुढे-मागे खडखडत असेल तर बुश (आतल्या नळीला आधार देणाऱ्या रिंगा) गेलेत. तेव्हा दोन्ही खर्च शेजारी मांडून बघा.

सेकंड हँड बघायला गेलात तर पोस्ट सायकलवर बसवलेल्या अवस्थेतच बघा. सीट अर्ध्यावर लॉक करून त्यावर बसा, मग हलकेच वर ओढा. दोन्ही वेळा जागची हलता कामा नये. विकणारा "काही नाही हो, जरा ग्रीस लावलं की झालं" म्हणाला, तर हसून म्हणा, "मग लावूनच द्या."